एकच २२ कॅरेट, मग पाटल्या लालसर आणि बांगड्या लिंबासारख्या पिवळ्या का?

चरईकर
नमस्कार मंडळी. लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे, त्यामुळे घरात सध्या सोन्याशिवाय दुसरा विषय नाही. माझ्या आजेसासूबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या आईच्या, दोन पाटल्या माझ्याकडे आहेत, त्यांनी त्या सासूबाईंना दिल्या, सासूबाईंनी मला, आता मी लेकीला घालणार. त्यांच्या जोडीला म्हणून गेल्या आठवड्यात ठाण्यात गोखले रोडवरून चार बांगड्या घेतल्या, २२ कॅरेट, हॉलमार्क, एचयूआयडी नंबर (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक), सगळं व्यवस्थित. घरी आणून पाटल्यांशेजारी ठेवल्या आणि माझा चेहराच पडला. पाटल्या चांगल्याच लालसर आणि बांगड्या एकदम लख्ख पिवळ्या, लिंबाच्या सालीसारख्या. दुकानात दोन्ही शेजारी धरून बघितल्या होत्या तेव्हा एवढा फरक दिसला नव्हता हो!

परत दुकानात गेले तर तिथला मुलगा म्हणाला, काकू जुन्यात तांबं जास्त असतं, पाटल्या मोडा आणि त्याच वजनात नव्या करा, शेड मॅच होईल. आमच्या ह्यांचंही तेच मत. माझा जीव काही तयार होत नाही. पण मनात आलंच, की आजेसासूबाईंना सोनाराने फसवलं होतं का? रंगावरून सोनं किती शुद्ध ते कळतं का? जाणकारांनी प्लीज सांगा, मला दोन रात्री झोप नाही.

सुमेधा_वाशी
ताई, मोडू नका. आधी हे वाचा आणि मग ठरवा. माझ्या आईची वज्रटीक मी चार वर्षांपूर्वी मोडली, आईच्या आजारपणात पैसे लागत होते म्हणून. दुकानदाराने हातात घेतली, दिव्याखाली धरली आणि म्हणाला लाल दिसतंय, १८च्या वर जाणार नाही, आणि १८च्याच भावाने पैसे दिले. मशीनवर लावली नाही, गाळून दाखवली नाही, मीही विचारलं नाही कारण तेव्हा डोकं हॉस्पिटलात होतं. नंतर मामाकडे आईच्या लग्नातली पावती सापडली, त्यावर २२ लिहिलेलं होतं. पावती खरी की दुकानदार खरा ते आता कधीच कळणार नाही कारण वस्तूच राहिली नाही. नुसत्या रंगावरून कुणालाही घट (वजावट) धरू देऊ नका, एवढंच सांगते.

सोनारआळी
चरईकर ताई, आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम, वडिलांची भट्टी जांभळी नाक्याजवळ होती, मी आता नोकरी करतो पण लहानपण मुशीसमोरच (मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं) गेलंय म्हणून लिहितो.

चोख सोनं म्हणजे २४ कॅरेट, ते इतकं मऊ असतं की त्याची बांगडी रोजच्या वापरात वाकडी होते, चेपते. म्हणून त्यात दुसरा धातू घालायचा, त्याला आमच्याकडे हीण म्हणतात, हिणकस शब्द त्यातलाच. पण हीण म्हणजे फसवणूक नाही, दागिना टिकायला ते लागतंच. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, शेकड्यात ९१.६, म्हणून शिक्का ९१६चा. उरले ८.४. आता हे ८.४ कशाचे, हे कॅरेटच्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. नुसतं तांबं घातलं की सोनं लालीवर जातं, नुसती चांदी घातली की फिकं आणि थोडं हिरवट दिसतं, दोन्ही निम्मं निम्मं घातलं की आपण ज्याला छान पिवळं म्हणतो तो रंग येतो. तिन्ही २२ कॅरेटच! कस एकच, रंग तीन.

वडिलांकडे गिऱ्हाईक यायचं ते रंग सांगूनच, कुणाला केशरी झाक हवी, कुणाला हळदीसारखं हवं. ते त्या हिशोबाने तांबं आणि चांदी तोलून मुशीत टाकायचे, सवागी (टाकणखार) टाकायचे आणि रस फिरायला लागला की मला जवळ बोलावून दाखवायचे. तेव्हा तुमच्या आजेसासूबाईंना कुणी फसवलं असं रंगावरून अजिबात म्हणता येणार नाही.

नेरूळचा_फोटोवाला
उजेडाचं कुणी बोललं नाही अजून. मी प्रॉडक्ट फोटोग्राफी करतो, दागिन्यांचं कामही येतं आणि सोन्याएवढं दमवणारं दुसरं काही नाही. दुकानात वरून जे दिवे असतात ते उबदार पिवळे, साधारण ३००० केल्विनचे, त्यात तांबडं आणि पिवळं सगळं एकजीव होऊन जातं. घरी आपल्याकडे पांढरी ट्यूब, ६५०० केल्विनच्या आसपास, तिच्यात निळा भाग भरपूर, त्यामुळे दोन शेडमधला फरक लगेच डोळ्यावर येतो. ताईंना दुकानात फरक दिसला नाही त्याचं मोठं कारण हे असणार. शिवाय सराफ दागिना गुलाबी कागदात देतो ना, त्या गुलाबीवर पिवळा रंग जास्त खुलतो. पांढऱ्या कागदावर ठेवून सकाळी नऊ-दहा वाजता गॅलरीत, थेट ऊन नको, सावलीतल्या उजेडात बघा. आणि फोनवर फोटो काढून इकडेतिकडे पाठवून मत विचारू नका, फोन स्वतःच रंग बदलून टाकतो.

ठाम_मत
सगळं ठीक आहे पण लाल म्हणजे कमी कस हे आमच्या आजोबांपासून ऐकतोय. कमी कॅरेटमध्ये तांबं जास्त असतं म्हणून ते लाल, हे साधं गणित आहे. उगाच ताईंना खोटा धीर देऊ नका.

रसायन_आणि_मी
ठाम_मत, तुमचं गणित अर्धंच आहे. तांबं वाढलं तर लाली वाढते हे बरोबर, पण कमी कॅरेटमध्ये तांबंच वाढलं पाहिजे असं कुठे आहे? १८ कॅरेट घ्या, सोनं ७५ टक्के. उरलेल्या २५मध्ये बहुतेक तांबं घातलं तर रोझ गोल्ड, बहुतेक चांदी घातली तर हिरवट सोनं, पॅलेडियम किंवा निकेल घातलं तर पांढरं सोनं, ज्याच्यावर वरून ऱ्होडियमचा मुलामा देतात आणि तो झिजला की खालची पिवळट झाक डोकावते. तिन्ही दागिन्यांवर शिक्का ७५०चाच. उलट चांदी जास्त घातलेलं १८ कॅरेट हे तांबंवाल्या २२ कॅरेटपेक्षा जास्त पिवळं वाटू शकतं. म्हणजे फसवायचंच असेल तर फिकं पिवळंही फसवू शकतं.

मी कॉलेजात शिकवते म्हणून थोडं खोलात जाते, कारण सोनं मुळात पिवळं का हा प्रश्न मला आयुष्यभर पुरलाय. लोखंड, चांदी, अॅल्युमिनियम, प्लॅटिनम, जवळपास सगळे धातू पांढरट-करडे. रंग आहे तो प्रामुख्याने तांब्याला आणि सोन्याला. सोन्याच्या अणूत ७९ प्रोटॉन, इतका जड गाभा की त्याच्या अगदी जवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त, साधारण ५८ टक्के वेगाने फिरतात. एवढ्या वेगात आइनस्टाइनची सापेक्षता लागू होते, इलेक्ट्रॉन जणू जड होतात, कक्षा आत ओढल्या जातात, आणि बाहेरच्या दोन पातळ्यांमधलं अंतर कमी होतं. ते इतकं कमी होतं की निळा-जांभळा प्रकाश तिथे शोषला जातो. पांढऱ्यातून निळा गेला की परत येतो तो पिवळा-तांबूस. चांदीत प्रोटॉन ४७च, तिथे हा परिणाम फार कमी, ते अंतर मोठंच राहतं, त्यामुळे ती शोषते अतिनील प्रकाश, जो आपल्याला दिसतच नाही, म्हणून चांदी पांढरी. ताई, सापेक्षता नसती तर तुमच्या पाटल्या चांदीसारख्या दिसल्या असत्या, हे वर्गात सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आता सोन्यात चांदी मिसळली की हे शोषण जांभळ्याकडे सरकतं, निळा थोडा परत यायला लागतो, म्हणून रंग फिका आणि हिरवट. तांबं मिसळलं की लाली वाढते. सोनारआळींनी मुशीसमोर बघितलं ते हेच.

अजून एक, सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरून आरपार बघा कधी. वरून पिवळाच, पण त्यातून येणारा उजेड हिरवट-निळसर असतो.

ऐरोली_सिस्टर
रंगावरून आठवलं. आमच्या वॉर्डात एकदा थर्मामीटर फुटला, पारा गोळा करताना एका सहकारी मुलीची अंगठी पांढरी पडली, अक्षरशः चांदीसारखी, पाच मिनिटांत. पारा सोन्यात मुरतो. रडायलाच लागली ती, साखरपुड्याची होती. घरी गॅसवर तापवून पारा उडवते म्हणत होती, आम्ही तिला हात लावू दिला नाही, कारण ती वाफ श्वासात जाणं फार वाईट. सोनाराकडे दिली, तिथेही पारा लागलाय हे आधी सांगितलं. त्वचा उजळ करायच्या काही क्रीममध्येही पारा सापडलेला आहे, तेव्हा क्रीम लावून अंगठी पांढरी दिसायला लागली तर अंगठीपेक्षा स्वतःची काळजी करा आणि डॉक्टरांना क्रीम दाखवा.

चेंदणीची_वैशाली
आमच्या कोळीवाड्यात सोनं अंगावरच असतं, पेटीत नाही, त्यामुळे शेडचे सगळे प्रकार बघितलेत. माझ्या आजीकडे गळ्यातलं एक होतं, कायम मळकं-तांबूस, कितीही रिठ्याने धुतलं तरी थोड्या दिवसांत परत काळपट. आजी म्हणायची हे मोरारजींचं सोनं. मला लहानपणी कळायचं नाही. नंतर कळलं की चीनच्या लढाईनंतर १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते, आणि १४ कॅरेटच्या वरचा नवा दागिना करायलाच बंदी झाली. १४ कॅरेट म्हणजे सोनं ५८.५ टक्के, उरलेलं तांबं-चांदी, मग घामाने ते काळं पडणारच. आजीचं लग्न नेमकं त्या काळातलं. तिच्या जावेचं सगळं पिवळंधमक आणि हिचं तांबूस, ते तिला जन्मभर खुपलं.

सोनारआळी
वैशालीताई, माझ्या आजोबांचं काम त्याच वर्षी बंद पडलं. १४ कॅरेटचं गिऱ्हाईकच येईना, दोन वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात हिशोब लिहिला. कितीतरी सोनारांची घरं तेव्हा बसली. कायदा पूर्ण गेला तो १९९० साली.

चरईकर ताई, पाटल्या कुठल्या सालच्या? आणि एक काम करा, पाटलीवर नक्षी असेल तर खाचांच्या तळाला भिंगाने बघा, आणि मग कडांवर बघा. रंग एकच आहे का वेगळा?

चरईकर
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सुमेधाताई, तुमचं वाचून गलबलून आलं.

आज सकाळी गॅलरीत पांढऱ्या कागदावर ठेवून बघितल्या. फरक आहेच, पण रात्री ट्यूबखाली वाटला होता तेवढा नाही. आणि सोनारआळी, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं! नक्षीच्या खाचांमध्ये पिवळं आहे, जवळजवळ नव्या बांगड्यांसारखं, आणि कडा आणि पाठ लालसर. असं कसं? मुलामा दिला होता का तेव्हा? पाटल्या १९६३च्या आधीच्या नक्की आहेत, सासूबाई १९५५च्या, आणि त्यांच्या बारशाच्या फोटोत आजेसासूबाईंच्या हातात याच पाटल्या दिसतात.

सोनारआळी
मुलामा नाही, झिलई. दागिना भट्टीतून निघतो तेव्हा काळा असतो, पृष्ठभागावरचं तांबं जळलेलं असतं. मग तो पातळ केलेल्या तेजाबात नाहीतर चिंचेच्या पाण्यात उकळायचा, काही जण मीठ, तुरटी आणि सोरा यांचा लेप देऊन तापवायचे. यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं, सोनं तसंच राहतं. म्हणजे वरून केसाहूनही बारीक असा जवळपास चोख सोन्याचा थर तयार होतो, बाहेरून काहीही न चढवता. नवी पाटली म्हणून पिवळी दिसते. मग पन्नास-साठ वर्षं ती हातावर घासते, पीठ मळताना, भांडी घासताना, थर कडांवरून जातो आणि आतला खरा रंग वर येतो. खाचांत घर्षण पोचत नाही म्हणून तिथे जुनी झिलई राहिलीय. लाली आहे ती तुमच्या घरातल्या बायकांच्या कामाची आहे, सोनाराच्या लबाडीची नाही.

आता नव्या बांगड्यांबद्दलही विचारून घ्या, हल्ली काही ठिकाणी २२ कॅरेटवरच २४ कॅरेटचा बारीक इलेक्ट्रोप्लेटिंगचा हात देतात, त्याने तो लिंबासारखा रंग येतो. त्यात फसवणूक नाही, पण तो रंग कायमचा नाही, काही वर्षांत कडा बदलतील.

आणि दारावर कुणी पॉलिश करून देतो म्हणून आला तर पाटल्या देऊ नका. त्याच्या वाटीत अम्लराज असतं, त्यात सोनंच विरघळतं, तुम्हाला लख्ख पाटली परत मिळते आणि वजन त्याच्या वाटीत राहतं.

ठाम_मत
खाचांचं हे मला माहीत नव्हतं. मी आजोबांचं वाक्य तसंच्या तसं पुढे ढकललं, ते मागे घेतो. पण मग खात्री करायची कशी? रंग नाही तर काय?

रसायन_आणि_मी
हॉलमार्किंग सेंटरला जायचं. भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) मान्यता असलेल्या सेंटरमध्ये साधा ग्राहकसुद्धा दागिना तपासून घेऊ शकतो, चार वस्तूंपर्यंत २०० रुपये फी. मशीनवर क्ष-किरण टाकून कुठला धातू किती टक्के ते येतं, दागिन्याला ओरखडाही पडत नाही. फक्त ती किरणं वरवरच्या थरातलंच सांगतात, म्हणून खाचेत नाही, झिजलेल्या कडेला आणि पाठीला लावायला सांगा. एकदम पक्कं हवं तर थोडं सोनं काढून भट्टीत परीक्षा होते, पण वारशाच्या वस्तूला त्याची गरज नाही. नव्या बांगड्यांचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी नंबर बीआयएस केअर अॅपवर टाका, कितीचं हॉलमार्क आणि कुठे झालं ते दिसतं. १ एप्रिल २०२३ पासून त्या नंबरशिवाय हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही.

पूर्वी हे काम काळ्या दगडावर व्हायचं. दागिना घासून रेघ काढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ, वर तेजाब, आणि कुठली रेघ किती टिकते ते बघायचं. कसाला लागणं, बावनकशी, सगळे शब्द तिथले.

भांडुपचा_पाहुणा
दुबईचं सोनं जास्त पिवळं असतं ते का? बहिणीने आणलंय.

सोनारआळी
भर, म्हणजे मिसळलेला धातू, वेगळी आणि फिनिश वेगळं, एवढंच. आखातात २१ कॅरेटही खूप चालतं, शिक्का ८७५ आहे का बघा. जास्त पिवळं म्हणून जास्त शुद्ध असं नाही.

चरईकर
मंडळी, आज जाऊन आले. नौपाड्याहून रिक्षाने गेले, सोबत लेक. अॅपवर बांगड्या बरोबर निघाल्या आणि मशीनवर सोनं ९१.७, चांदी ४.३, तांबं ४. पाटल्यांच्या पाठीला दोन ठिकाणी लावलं, सोनं ९१.३, तांबं ८.१, चांदी फक्त ०.६. मी तिथेच खुर्चीत बसले. २२ कॅरेटच आहेत हो! कुणी कुणाला फसवलं नव्हतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. संध्याकाळी सासूबाईंच्या आतेबहिणीला डोंबिवलीला फोन केला, त्या ८४ वर्षांच्या आहेत. विचारलं, पाटल्या कशाच्या केल्या होत्या आठवतंय का? त्या म्हणाल्या, अगं गिन्न्यांच्या! आजेसासरे रेल्वेत होते, दर दोन-तीन वर्षांनी एक गिन्नी घेऊन ठेवायचे, सहा झाल्यावर त्या आटवून पाटल्या केल्या. वजन किती भरलं गं, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं ४६ ग्रॅम ८०० मिलिग्रॅम.

रसायन_आणि_मी
थांबा थांबा. ब्रिटिश गिन्नी, म्हणजे सॉव्हरिन, ही २२ कॅरेटची असते, वजन ७.९८ ग्रॅम, आणि तिच्यातली भर असते तांब्याची! सहा गिन्न्यांचे ४७.९ ग्रॅम होतात. घडवताना थोडं जातं, इतकी वर्षं हातावर झिजून थोडं, ४६.८ अगदी जुळतंय. ताई, तुमच्या पाटल्यांची लाली त्या नाण्यांची आहे. सोनाराने रंग ठरवलाच नाही, नाणी आली तशी मुशीत टाकली. मला आज वर्गात हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही, नाव न घेता सांगू का?

चरईकर
सांगा ना, जरूर सांगा. मी स्वयंपाक सोडून तुमचं उत्तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पाटल्या हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मोडायच्या नाहीत हे त्यांनीच सांगितलं.

पुतळीमाळ
आत्ता धागा वाचला. आमच्या घरच्या जुन्या पुतळ्या अशाच, फक्त उलट्या, खूप गडद पिवळ्या. पुतळी हे मूळ व्हेनिसचं नाणं, जवळजवळ चोख सोन्याचं, म्हणून. दागिन्याच्या रंगामागे असं नाणं असू शकतं हे मात्र आज कळलं.

चेंदणीची_वैशाली
चरईकर ताई, शेडचं टेन्शन घेऊ नका. लग्नात हिरवा चुडा असतोच, पाटल्या आणि बांगड्यांच्या मध्ये चुडा घाला, दोन सोनी शेजारी आलीच नाहीत तर फरक कुणाला दिसतो!

चरईकर
वैशालीताई, आज लेकीच्या हातात तसंच घालून बघितलं आणि खरंच सुंदर दिसतंय, हिरव्यामुळे लाली उलट खुलते. एकच अडचण, तिचा हात बारीक आहे, पाटल्या सैल होऊन कोपरापर्यंत जातात. कापून लहान कराव्यात का? दुकानवाला म्हणतो अर्ध्या तासाचं काम.

सोनारआळी
कापू नका ताई. कापलं की जोडायला डाक लागणार, डाकाचं सोनं लवकर वितळावं म्हणून त्यात भर वेगळी असते, पूर्वी कॅडमियम घालायचे ज्याला केडीएम म्हणायचे, त्याच्या धुराने कारागिरांची फुप्फुसं गेली, आता दुसरे धातू घालतात. काहीही घातलं तरी गिन्नीच्या रंगावर ती रेघ वेगळी दिसणार, शिवाय आत्ता वजन आणि नाणी जुळतायत ते बिघडेल. आतल्या बाजूने लाल रेशमी दोरा दाट गुंडाळून घ्या, सुईने शेवट आत घ्या. माझी आई नवरीच्या पाटल्यांना असंच करायची, लग्नातला दिवसभर हलत नाही.

चरईकर
दोरा तलावपाळीजवळून आणते उद्याच. किती पदरी घेऊ?

सोनारआळी
तीन पदरी. आणि गुंडाळायच्या आधी पाटली रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण कोरडी करा, नाहीतर दोरा सरकतो.